स्टॉक छायाचित्रे आणि एआयची खूण

स्टॉक छायाचित्र म्हणजे विशिष्ट ग्राहकाच्या मागणीवरून न काढता, पुढेमागे कोणाला तरी लागेल या हिशेबाने काढून साठ्यात ठेवलेले आणि वापराच्या परवान्यावर विकले जाणारे छायाचित्र. बँकेच्या माहितीपत्रकावरचे हसरे कुटुंब, भूगोलाच्या पुस्तकातला ज्वालामुखी, रविवार पुरवणीतल्या लेखाशेजारचा पावसाळी घाट ही चित्रे बहुधा अशाच साठ्यांतून आलेली असतात. नाझी राजवटीतून निसटलेल्या ऑटो बेटमन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९३६ साली सुरू केलेला संग्रह हा या व्यवसायाचा एक जुना टप्पा मानला जातो, आणि मुंबईत १९८७ साली सुरू झालेली दिनोदिया ही संस्था भारतातल्या पहिल्यावहिल्या संग्रहांपैकी एक होय. मात्र आयस्टॉकफोटो (२०००) आणि शटरस्टॉक (२००३) यांनी हौशी छायाचित्रकारांनाही आपली चित्रे महाजालावरून थेट विक्रीला ठेवण्याची सोय केल्यावर या व्यवसायाचे रूपच पालटले. साताऱ्यातला किंवा पणजीतला छायाचित्रकार आज घरबसल्या आपले चित्र जगभरच्या ग्राहकांपुढे ठेवू शकतो, आणि ते ठेवताना त्याला काही गोष्टी लेखी सांगाव्या लागतात : चित्रात काय आहे, ते कुठले आहे, त्यात ओळखू येणाऱ्या व्यक्तींची संमती आहे की नाही. या संमतिपत्राला व्यवसायात ‘मॉडेल रिलीज’ म्हणतात, आणि ते नसेल तर चित्र जाहिरातीसाठी विकता येत नाही. बातमी, लेख, पाठ्यपुस्तक अशा ‘एडिटोरियल’ म्हणजे संपादकीय वापरापुरतेच ते उपलब्ध राहते.

या निवेदनांत २०२२ सालाच्या अखेरीस आणखी एकाची भर पडली : हे चित्र घडवताना कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, वापरली आहे काय? या वेळी तीन मोठ्या संस्था तीन वाटांनी गेल्या. गेटी इमेजेसने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये एआयने तयार केलेली चित्रे घेण्यास सरसकट बंदी घातली. शटरस्टॉकने ऑक्टोबरमध्ये ओपनएआयशी भागीदारी जाहीर करून स्वतःच्या संकेतस्थळावर चित्रनिर्मितीचे साधन देण्याचे ठरवले, परंतु छायाचित्रकारांकडून अशी चित्रे घेण्याचे नाकारले, कारण त्यांचे कर्तृत्व एका व्यक्तीच्या नावावर लावता येत नाही. अडोबी स्टॉकने डिसेंबरमध्ये दार उघडे ठेवले, पण अशा चित्रावर तशी खूण करण्याची आणि त्यातली माणसे व वास्तू काल्पनिक असल्यास तेही सांगण्याची अट घातली.

या तिन्ही निर्णयांमागची मुख्य प्रेरणा चित्रांच्या सत्यतेची नव्हती, ती कायदेशीर जबाबदारीची होती, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढचा गोंधळ नीट समजत नाही. स्टॉक संस्था ग्राहकाला चित्राबरोबर एक हमीही विकते : या चित्रावरून उद्या कोणी दावा ठोकला तर ठरावीक मर्यादेपर्यंत ती जबाबदारी संस्थेची. चित्रे निर्माण करणारी प्रारूपे इतरांच्या अगणित चित्रांवर शिकवलेली असतात, त्या चित्रांच्या हक्कांचा प्रश्न सुटलेला नाही, आणि म्हणून त्यांतून निघालेल्या चित्राची हमी देणे गेटीला धोक्याचे वाटले. त्याच गेटीने २०२३ च्या आरंभी स्टेबिलिटी एआय या कंपनीवर लंडन आणि अमेरिका अशा दोन्ही ठिकाणी दावे लावले. लंडनच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेल्या निकालात गेटीच्या पदरी फारसे काही पडले नाही : काही निर्मित चित्रांत गेटीची पाणखूण उमटल्याबद्दलचा व्यापारचिन्हाचा मुद्दा मर्यादित स्वरूपात मान्य झाला, मात्र कॉपीराइटचा उरलेला दावा फेटाळला गेला. एआयची खूण जन्मली ती अशा हक्कांच्या भांडणातून. ग्राहक मात्र ती वाचतो ‘हे खरे आहे की खोटे’ या अर्थाने.

संपूर्ण चित्रच एआयने घडवलेले असेल तर ही विसंगती फारशी जाणवत नाही, कारण तेथे दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येते. खरी अडचण आहे ती कॅमेऱ्याने टिपलेल्या आणि नंतर एआयच्या साधनांनी सुधारलेल्या छायाचित्राची. तिचा विचार करताना प्रथम हे मान्य करावे लागते की ‘कसलाही हात न लागलेले’ डिजिटल छायाचित्र अस्तित्वातच नसते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या सूक्ष्म गाळण्यांची जाळी असते, प्रत्येक बिंदू या तिघांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो, आणि उरलेल्या दोन रंगांची मूल्ये शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरली जातात. म्हणजे अगदी ‘शुद्ध’ समजल्या जाणाऱ्या छायाचित्रातही रंगांची दोन-तृतीयांश माहिती मोजलेली नसते, ती अनुमानलेली असते. तेव्हा अनुमान केले की चित्र बनावट झाले, हा निकष टिकत नाही. पाहायचे ते हे की अनुमानासाठी लागणारे द्रव्य कोठून आले.

फोटोशॉपमध्ये २०१० साली आलेली ‘कंटेंट-अवेअर फिल’ ही सोय पुसलेल्या जागी त्याच चित्राच्या इतर भागांतले तुकडे जुळवून बसवते. मे २०२३ मध्ये चाचणी आवृत्तीतून आलेली ‘जनरेटिव्ह फिल’ ही सोय मात्र तेथे जे भरते ते इतर लाखो चित्रांवरून शिकलेल्या प्रारूपातून येते. दोन्हींची कळ दाबणाऱ्याला फरक कळतोच असे नाही. परंतु पहिलीत बाहेरचे काही आत आलेले नसते आणि दुसरीत आलेले असते. हीच गोष्ट चित्र मोठे करणाऱ्या, म्हणजे कमी बिंदूंच्या चित्रातून अधिक बिंदूंचे चित्र काढणाऱ्या साधनांची. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या ‘पल्स’ या पद्धतीला बराक ओबामांचे अतिशय धूसर केलेले छायाचित्र दिले गेले, तेव्हा तिने त्यातून एका गोऱ्या पुरुषाचा सुस्पष्ट चेहरा काढून दिला. यंत्राने ओबामांना शोधले नव्हते. त्या धूसर ठिपक्यांशी जुळेल असा एक चेहरा रचून दिला होता. मार्च २०२३ मध्ये एकाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपले, तर फोनने मूळ चित्रात नसलेले खड्डे आणि डाग त्यात उमटवून दाखवले. म्हणजे सुधारणा आता संपादनाच्या मेजापर्यंत थांबत नाही, ती कॅमेऱ्यातच होते, आणि छायाचित्रकाराने ‘एआय वापरलेली नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले तरी ते खरे असेलच असे नाही.

हे सगळे एका चित्रावर घडताना पाहिले की रेषा कोठे पडते ते दिसते. आषाढाच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढते त्या वेळचे, ढगाळ उजेडात दुरून टिपलेले छायाचित्र घ्यावे : नागमोडी रस्ता, भगव्या पताका, हजारो वारकरी. उजेड कमी असल्याने संवेदनक्षमता वाढवावी लागली आणि चित्रात रवाळपणा आला. तो लाइटरूममधल्या एआय-आधारित ‘डीनॉइज’ने काढला. येथवर चित्रात नवे काही आलेले नाही असे बहुतेक संस्था धरतात, आणि ते रास्तही आहे. मग एका कोपऱ्यातली विजेची तार आणि रस्त्याकडेची प्लास्टिकची पिशवी पुसली. जाहिरातीच्या चित्रात ही क्षुल्लक गोष्ट असते. पण या चित्रात ओळखू येणारी माणसे आहेत आणि त्यांची संमतिपत्रे मिळणे अशक्य आहे, म्हणून ते संपादकीय चित्र म्हणूनच जाणार, आणि संपादकीय चित्रातून वस्तू काढणे अथवा घालणे हे एआय येण्याच्या कितीतरी आधीपासून निषिद्ध आहे. पिशवी जुन्या साधनाने पुसली काय नि नव्या साधनाने पुसली काय, दोष सारखाच. त्यानंतर ग्राहकाला वर मथळा छापायला जागा हवी म्हणून चित्राची चौकट वाढवून यंत्राकडून आणखी आभाळ घालून घेतले : हे आभाळ त्या दिवशी दिवे घाटावर नव्हते. शेवटी मागच्या रांगेतले अस्पष्ट चेहरे ‘फेस रिकव्हरी’ने स्पष्ट केले, आणि येथे मोठीच गफलत झाली, कारण आता तेथे जे चेहरे दिसतात ते त्या वारकऱ्यांचे नाहीत आणि कोणाचेही नाहीत. ही शेवटची सुधारणा दिसायला सर्वांत निरुपद्रवी आणि परिणामाने सर्वांत खोल आहे. तरीही छायाचित्रकार तिला ‘थोडे शार्प केले’ एवढेच म्हणतो.

स्टॉकच्या अर्जावर या चारही पायऱ्यांसाठी बहुधा एकच चौकोन असतो. अडोबी स्टॉकच्या अर्जावरची खूण ‘जनरेटिव्ह एआय साधनांनी तयार केलेले’ एवढेच सांगते, आणि अर्धे भिंगातून व अर्धे यंत्रातून आलेल्या चित्रालाही त्यातच बसवावे लागते किंवा बाहेर राहावे लागते. गेटी आणि तिचीच आयस्टॉक या संस्था निर्मितिप्रारूपांनी तयार केलेली अथवा बदललेली चित्रे घेत नाहीत, म्हणून तेथे खुणेचा प्रश्नच उरत नाही. मात्र त्यामुळे निर्णयाचा सगळा भार ‘बदललेले’ या एका शब्दावर येऊन पडतो.

या बाबतीत सर्वांत विचारपूर्वक रेषा व्यापारी संस्थांपेक्षा एका स्पर्धेने आखली आहे. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेच्या नियमांनुसार रवाळपणा काढणे, आपोआप रंगसंतुलन साधणे, चित्रातली वस्तू निवडणे यांसाठी एआयची मदत घेता येते. परंतु अडोबीचे ‘सुपर रिझोल्यूशन’ किंवा ‘टोपाझ फोटो एआय’ यांसारखी साधने चालत नाहीत, कारण चित्र मोठे आणि तीक्ष्ण करताना ती त्यात नवी माहिती घालतात. साधनाचे नाव घेऊन केलेला नियम लवकर जुना होतो हे खरे, पण येथे नावाबरोबर कारणही दिलेले आहे आणि ते कारण टिकाऊ आहे.

शब्दावलीचे काम आयपीटीसी या वृत्तसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने केले आहे. छायाचित्राच्या फाइलमध्येच दडलेल्या नोंदींना मेटाडेटा म्हणतात, आणि त्यातल्या ‘डिजिटल स्रोत-प्रकार’ या रकान्यासाठी आयपीटीसीने ठरावीक पर्यायांची यादी दिली आहे : कॅमेऱ्याने टिपलेले, शिकवलेल्या प्रारूपाने संपूर्ण घडवलेले, टिपलेल्या चित्रात प्रारूपाने घडवलेला भाग मिसळलेले, केवळ संगणकीय पद्धतीने सुधारलेले, असे वेगवेगळे पर्याय तीत आहेत. दिवे घाटाच्या चित्रातली डीनॉइजची पायरी आणि वाढीव आभाळाची पायरी या यादीत वेगवेगळ्या जागी बसतात. म्हणजे हवा असलेला भेद करणारी भाषा तयार आहे, आणि ती वापरण्याचा आळस मात्र स्टॉक संस्थांचा आहे.

कायदेही हळूहळू त्याच भेदाकडे आले आहेत. युरोपीय संघाच्या एआय कायद्याचे पन्नासावे कलम, ज्याच्या अंमलासाठी मूळ कायद्यात २ ऑगस्ट २०२६ ही तारीख ठरवली होती, कृत्रिम चित्रांवर यंत्राला वाचता येईल अशी खूण मागते. परंतु नेहमीच्या संपादनात साहाय्य करणाऱ्या किंवा मूळ सामग्रीत लक्षणीय बदल न करणाऱ्या साधनांना त्यातून वगळते. चीनने १ सप्टेंबर २०२५ पासून उघड आणि अदृश्य अशा दोन्ही खुणा सक्तीच्या केल्या. भारतात माहिती तंत्रज्ञान नियमांच्या ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात चित्राच्या किमान दहा टक्के भागावर लेबल असावे अशी एक अजब अट होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांतून ती गळाली आणि रंगसुधारणा, रवाळपणा कमी करणे, तांत्रिक दुरुस्ती यांसारखे सद्हेतूने केलेले नित्याचे संपादन, त्याने आशय बदलत नसेल तर, ‘कृत्रिमरीत्या निर्मित माहिती’च्या व्याख्येबाहेर ठेवले गेले. वारीच्या चित्राला दहा टक्क्यांचा पट्टा लागण्याची नामुष्की टळली ती अशी.

खूण अपुरी पडली तर काय होते आणि अती झाली तर काय होते, याचे दोन दाखले अलीकडचेच आहेत. इस्राएल-गाझा युद्धाच्या पहिल्या महिन्यांत, २०२३ च्या नोव्हेंबरात, अडोबी स्टॉकवर त्या युद्धाची म्हणून एआयने घडवलेली चित्रे विकली जात असल्याचे उघड झाले. संकेतस्थळावर त्यांना ‘जनरेटिव्ह एआय’ अशी खूण होती. परंतु काही छोट्या वृत्त-संकेतस्थळांनी ती चित्रे घेऊन छापली तेव्हा ती खूण मागेच राहिली आणि वाचकांपुढे आले ते बाँबस्फोटाचे ‘छायाचित्र’. अडोबीने त्यानंतर एआय-चित्रांच्या शीर्षकांत ती प्रत्यक्ष घडलेल्या वृत्तघटनेची आहेत असे सुचवण्यास मनाई केली. येथे छायाचित्रकाराने नियम पाळला होता, संस्थेने खूण दाखवली होती, आणि तरीही फसवणूक झाली.

उलट बाजूचा दाखला मेटाचा. २०२४ च्या मेपासून मेटाने इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर, फाइलमधल्या नोंदी वाचून, चित्रांवर ‘मेड विथ एआय’ असा शिक्का मारायला सुरुवात केली. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे माजी छायाचित्रकार पीट सूझा यांनी चाळीस वर्षांपूर्वी फिल्मवर टिपलेल्या बास्केटबॉल सामन्याच्या चित्रावरही तो शिक्का बसला. छाटणीच्या साधनाने फाइलमधल्या नोंदी बदलल्या असाव्यात असा सूझांचा अंदाज होता. कोलकाता नाइट रायडर्सच्या आयपीएल विजयाच्या छायाचित्राचीही तीच गत झाली. छायाचित्रकारांच्या ओरडीनंतर मेटाने जुलैत शिक्क्याचे शब्द बदलून ‘एआय इन्फो’ केले आणि सप्टेंबरात, केवळ संपादित चित्रांच्या बाबतीत, तो मेनूच्या आत ढकलला. ज्या खुणेने खऱ्या विजयाचा फोटो आणि कल्पित स्फोट यांत फरक करता येत नाही ती खूण वाचक दोनच आठवड्यांत वाचेनासा होतो.

खूण चित्राबरोबरच राहावी यासाठीचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी, इंटेल, आर्म आणि ट्रूपिक यांनी २०२१ मध्ये स्थापलेली सी२पीए ही आघाडी. तिच्या मानकानुसार कॅमेरा चित्रावर सांकेतिक सही करतो, आणि पुढचा प्रत्येक बदल सहीनिशी नोंदला जातो. अशी सोय असलेला पहिला कॅमेरा, लायका एम११-पी, ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आला. पण सही खरी असली तरी सहीखालचा मजकूर खरा असतोच असे नाही. निकॉनने झेड६-३ या कॅमेऱ्यात ही सोय दिल्यावर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर २०२५ मध्ये, असे आढळले की एकावर एक छायाचित्र घेण्याची जुनी सोय वापरून सही नसलेल्या चित्रावरही कॅमेऱ्याकडून सही करून घेता येते. निकॉनला ती सेवा थांबवून दिलेली प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. शिवाय या नोंदी काढून टाकणे सोपे आहे : पडद्याचे छायाचित्र घेतले किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवले की फाइलमधला मेटाडेटा जातो.

तेव्हा अखेर सगळे छायाचित्रकाराच्या शब्दावर येते, आणि येथे व्यवसायाची रचना प्रामाणिक माणसाच्या विरुद्ध आहे. अडोबी स्टॉकवर ग्राहकाला एआय-चित्रे शोधातून वगळता येतात, म्हणून खूण केली की चित्र काही ग्राहकांच्या नजरेआड होते. न केली तर पकडले जाण्याची शक्यता, विशेषतः अंशतः सुधारलेल्या चित्रात, कमी. वाढीव आभाळाला आणि संपूर्ण कल्पित दृश्याला एकच खूण लावून संस्थांनीच ही पळवाट रुंद केली आहे. तिचा फटका त्यांनाही बसतो, कारण हे साठे आता नव्या प्रारूपांच्या शिक्षणासाठीही वापरले जातात. अडोबीच्या फायरफ्लाय या प्रारूपाच्या शिक्षणसामग्रीत सुमारे पाच टक्के चित्रे स्वतःच एआयने घडवलेली होती, असे एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि यंत्रांनी यंत्रांच्याच उत्पादनावर शिकत राहिल्यास त्यांचा दर्जा ढासळतो, हे त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधाने दाखवले.

कॉपीराइटच्या बाजूनेही गप्प राहणे महागात पडू शकते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मार्च २०२३ पासून नोंदणीच्या अर्जात एआयने घडवलेला, नगण्य नसलेला भाग उघड करणे आवश्यक केले आहे. भारतीय वकील अंकित साहनी यांचे ‘सूर्यास्त’ हे चित्र या संदर्भात बोलके आहे : त्यांनी स्वतः टिपलेल्या सूर्यास्ताच्या छायाचित्रावर ‘राघव’ नावाच्या एआय-साधनाने व्हॅन गॉगच्या शैलीचा संस्कार केला. भारतीय कॉपीराइट कार्यालयाने २०२० मध्ये राघवला सहकर्ता म्हणून नोंदवले आणि नंतर ती नोंद मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी नाकारली. मूळ छायाचित्र साहनींचे होते यात वाद नव्हता, पण सुधारलेल्या रूपात त्यांचे किती, हे वेगळे काढून दाखवता आले नाही.

स्टॉक संस्थांनी एका चौकोनाऐवजी आयपीटीसीच्या यादीतले निदान तीन पर्याय अर्जावर द्यावेत, वापरलेल्या साधनाऐवजी चित्रात नव्याने काय आले ते विचारावे, आणि परवान्याच्या अटींतच संपादकीय ग्राहकाला खूण छापणे बंधनकारक करावे. यांपैकी काहीही तंत्रदृष्ट्या अवघड नाही. तोवर मराठी छायाचित्रकारांनी आपल्यापुरती एक शिस्त पाळावी : चौकटीत भिंगाबाहेरून एखादे पान, ढग किंवा चेहरा जरी आला असेल तर खूण करावी, चित्र संपादकीय म्हणून देऊ नये, आणि कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल चित्र विक्रीला आहे तोपर्यंत जपून ठेवावी, कारण उद्या कोणी शंका घेतली तर दाखवण्याजोगा तोच एक पुरावा हाती असेल.